जगदेव, हे शूटिंग नाही

शिरपूर (जैन),
१० फेब्रुवारी २०२५

जगदेव,

वर श्री लिहिलेला नाही. विसरलो म्हणून नव्हे; अशा पत्रावर आपल्याकडे तो लिहीत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तुझी माय, आपली भागिरथामाय, काल सकाळी गेली.

हे शूटिंग नाही.

ओट्यावर ऊन खात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. शेजारच्या रूपालीला म्हणाली, "हाताले मुंग्या येऊन राह्यल्या व बाई, पाणी देजो जरासं." रूपाली तांब्या घेऊन आली तोवर माय भिंतीला टेकली होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि चष्मा काढून हातात धरला. एवढंच झालं. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तुझ्या चुलतभावाने, गणेशने, तुला फोन केले. तू उचलले नाहीस. मग त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. तुझं उत्तर मी त्याच्या फोनवर पाहिलं. "मेकअप चांगला केला या वेळी." त्यानंतर तू त्याचाही नंबर ब्लॉक केलास. माझा तर नोव्हेंबरपासूनच आहे, रूपालीचाही आहे. गल्लीतल्या कुणाचा फोन आता तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सिल्वासाला कंपनीच्या पत्त्यावर हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

आम्ही ऊन कलेपर्यंत थांबलो. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी कुणी "उचला" म्हणेना. शेवटी देवमनकाका म्हणाले, "पोरगा येते का नाही, ते तिले आता कायले इचारता?" मग उचललं. अग्नी गणेशने दिला.

नोव्हेंबरात तू जे पाहिलंस ते काय होतं, हे तुला कुणी नीट सांगितलं नाही. तू ऐकायला थांबलाही नाहीस, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लग्नाची शूटिंग करून पोट भरतो हे तुला माहीत आहे. त्याच कॅमेऱ्यावर आपल्या गावात, आपल्या बोलीत एक पिच्चर करायचा, हे खूळ नववीपासूनचं आहे. सोयाबीन निघालं, माणसं मोकळी झाली आणि लग्नाची धामधूम अजून सुरू व्हायची होती, तेव्हा सुरुवात केली. गोष्ट आपल्या माणसांचीच घेतली. एका म्हातारीच्या डोक्यावर कावळा बसतो. डोक्यावर कावळा बसला की मरण येतं म्हणतात, आणि ते टाळायचं तर नातेवाइकांना ती मेली असं खोटं कळवायचं. ते रडत येतात, पोटभर रडतात, की मरण टळलं. मग खरं सांगायचं आणि सगळ्यांनी गोड खायचं. पिच्चरमधल्या म्हातारीचा भाऊ बारा वर्षांपासून बोलत नसतो. खोटी बातमी ऐकून तो येतो.

म्हातारीचं काम मायने केलं. तिच्याइतकं सहज काम आमच्यात कुणीच केलं नाही. कॅमेरा आहे हे ती विसरून जायची. मला आठवण ठेवावी लागायची.

तुला गेलेला तो श्रद्धांजलीचा फोटो, हार आणि दोन समया असलेला, मीच पिच्चरसाठी फोनवर बनवला होता. तो तुला कसा गेला हे विचारू नको. माझ्या युनिटमधून गेला, म्हणजे माझ्याकडून गेला असं समज.

माझ्यावरचा राग ठेव, तो सोड असं मी म्हणत नाही. पण दहावा अठरा तारखेला आहे. वापीहून गाडी धर, अकोल्याला उतर. तिथून पुढचं मी बघतो.

आणि वाचून झालं की हे फाडून टाक. असं पत्र घरात ठेवू नये.

हरीओम


१४ फेब्रुवारी

जगदेव,

पत्र तुला मिळालं. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. गेटचा नंबर शोधून काढला आणि फोन केला, तर पलीकडचा माणूस आपल्या भाषेत बोलला. गोविंदसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. मला एवढं हायसं वाटलं की आधी दोन मिनिटं मी त्याच्याशी कपाशीबद्दलच बोललो.

त्याने तुला गेटवर बोलावलं, मी लाइनवर होतो. तुझा आवाज लांबून येत होता.

"जगदेव, गावाकडून फोन हाये. तुही माय गेली म्हणते."

"कोण म्हणते?"

"हरीओम."

"तो डायरेक्टर हाये. त्याले सांगा, माही सुट्टी संपली."

गोविंदसिंग फोनवर येऊन म्हणाला, "भाऊ, तो गेला कामावर. खरं काय हाये? मले खरं सांगा." मी सांगितलं. तो म्हणाला, "आवाजावरून तं खरं वाटते. पण मी तुमाले ओळखत नाही."

त्या दिवसापासून मी एकच विचार करतो आहे. तुला काय दाखवलं म्हणजे तू मानशील?

आमच्याकडे पैसे नव्हते, त्यामुळे खोटं असं काही आणताच आलं नाही. मोठ्या पिच्चरात घर बांधतात, कपडे शिवतात, रडणाऱ्या बायका बाहेरून आणतात. आम्ही मायच्याच घरात तिच्याच लुगड्यावर शूटिंग केलं. रडायला गल्लीतल्या बायका आल्या आणि त्या खऱ्याच रडल्या, कारण एकीला आपली सासू आठवली आणि मग बाकीच्यांना थांबवता येईना. तिरडी ज्यांनी बांधली ते आपल्या गावात तिरडी बांधतात तेच दोघे. गाडगं खरं, शिंकाळं खरं. गणेशने गणेशचंच काम केलं, तोंडात माझे दोन-चार शब्द, बाकी त्याचेच. मला अभिमान होता त्याचा. आमचा आवाज रेकॉर्ड करणाऱ्या धम्मपालला मी म्हणायचो, बघ, आपल्या पिच्चरात एक वस्तू नकली नाही.

आता त्याच अंगणात त्याच बायका रडल्या आणि त्याच दोघांनी तिरडी बांधली. फोटो काढला तर तो पिच्चरचा फोटो दिसतो. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मलाच फरक सापडेना. एकच होता. दुसऱ्या फोटोत मायच्या पायाजवळ रूपालीचा तांब्या राहून गेला आहे. पिच्चर असता तर मी तो उचलायला लावला असता.

मग वाटलं, जो पिच्चरमध्ये नव्हता अशा माणसाचं तू ऐकशील. असा माणूस शोधायला निघालो तेव्हा कळलं, आम्ही सगळा मोहल्ला वापरून टाकला होता. पिठाच्या गिरणीवाला नव्हता असं वाटलं, तर तो म्हणाला, "मी कसा नाही? गिरणी बंद करतो तो शॉट माहाच तं हाये." शेवटी देवमनकाका सापडले. त्यांनी तेव्हा मला सुनावलं होतं, जित्या बाईचं मरण काय दाखवता, मी येत नाही. त्यांना घेऊन पुन्हा गेटवर फोन लावला. तू आलास फोनवर, काकांसाठी आलास. काका म्हणाले, "जगदेव, हरीओम म्हणते ते खरं हाये बापू. वैनी गेली."

तू म्हणालास, "काका, शेवटी तुमालेही घेतलंच का त्यानं?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला. मी त्यांना घरी सोडायला गेलो. दारात आल्यावर म्हणाले, "सत्तर वर्सांत कोणं मले खोटं पाडलं नव्हतं." ते माझ्याकडे पाहून बोलले नाहीत, पण माझ्याशीच बोलले.

ये जगदेव. मान्य नसेल तरी ये. मला मारायला ये.

हरीओम


१९ फेब्रुवारी

जगदेव,

काल दहावा झाला. तू आला नाहीस.

पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकलो. मला वाटलं होतं कावळा शिवणार नाही. सगळ्यांनाच वाटलं होतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात तुझं नाव होतं. गणेशने तर बोलायचं वाक्यही तयार ठेवलं होतं, जगदेवला आम्ही घेऊन येऊ, असं काहीतरी. पण आम्ही पुरते मागे सरकलोही नव्हतो, तेवढ्यात कावळा आला आणि पिंडाला चोच लावून गेला. बायका म्हणाल्या, बरं झालं, तिचं मन कशात अडकलं नव्हतं. गणेशने सुटकेचा श्वास टाकला. मी एकटा असा होतो ज्याला ते बरं वाटलं नाही. धम्मपाल शाळेतून अर्धी सुट्टी टाकून रिठदहून आला होता. जाताना गाडीला किक मारायच्या आधी तो म्हणाला, "आमच्या इथं कावळा निस्ता पक्षी हाये हरीओम. भूक लागली, खाल्लं. पण तुह्याजवळ एक गोष्ट हाये, ते तू जगदेवले सांगून टाक. आता कोणासाठी लपवून राह्यला?"

म्हणून सांगतो. तो फोटो तुला मायने पाठवला.

आमची शूटिंगची रीत अशी होती. आवाज जागेवरच रेकॉर्ड करायचा, नंतर स्टुडिओत भरायला आमच्याकडे स्टुडिओ नव्हता. त्यामुळे सकाळी धम्मपाल एक स्टीलचा डबा घेऊन गल्लीत फिरायचा आणि सगळ्यांचे फोन बंद करून त्यात ठेवायचा. शाळेतली पोरं जशी वह्या जमा करतात तसे लोक फोन जमा करायचे. संध्याकाळी परत. त्या दिवशी डबा यायच्या जरा आधी माय रूपालीकडे गेली. पिच्चरमधला मेसेज रूपालीच्याच फोनवरून जातो असं दाखवलं होतं, तर फोटो तिच्याकडे होता. माय म्हणाली, "तो हारवाला फोटो जगदेवले टाकजो. हरीओमनं सांगितलं." रूपालीला वाटलं, पिच्चरचंच काहीतरी असेल. टाकला. मग फोन डब्यात.

तू दिवसभर फोन लावत असशील. रूपालीला, गणेशला, मला. गावातल्या तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना; देवमनकाकांकडे तर फोनच नाही. सगळ्यांचे फोन बंद, कारण सगळे मायच्या अंगणात तिच्या मरणाला रडत होते. एखादा फोन जरी चालू असता तरी तू गाडीत बसला नसतास. संध्याकाळी फोन परत मिळाले तोवर तुझाच फोन बंद पडला असेल, आम्हाला काही कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ येतो तो सीन लागला होता. बायका ओळीत बसल्या होत्या. भावाचं काम करणारा माणूस कोपऱ्यावर तयार उभा होता, मी हात वर केला आणि गल्लीतून तू आलास. टक्कल केलेला. अकोल्याला स्टेशनवरच उरकलंस, हे नंतर कळलं. बायका ठरल्याप्रमाणे रडायला लागल्या, त्यांना वाटलं मीच ऐनवेळी माणूस बदलला. तू उंबऱ्यावर डोकं टेकवलंस. मान वर केलीस तेव्हा माय समोरच्या ओट्यावर चहा घेत होती, तिचा सीन अजून यायचा होता. ती म्हणाली, "आला का रे."

तू माझ्याकडे पाहिलंस, कॅमेऱ्याकडे पाहिलंस. "हे काय चालू हाये, हरीओम?" मी "कट" म्हणालो. चारच्या एसटीने तू गेलास.

तो शॉट माझ्याकडे आहे. पिच्चरमध्ये लावलेला नाही आणि पुसलेलाही नाही. त्याचं काय करायचं ते तू सांगशील तसं.

संध्याकाळी मी मायला विचारलं, "माय, फोटो कोणं पाठोला?"

"मीनं."

"काहून?"

"तुह्या पिच्चरातला भाऊ बारा वर्सांनं येते. फोटो पाह्यला अन् निंगाला. मंग माहा पोरगा तं तीनच दिवाळ्या आला नाही. तो काहून नाही येणार?"

ते मीच लिहिलं होतं.

मग म्हणाली, "त्याले सांगू नको मीनं पाठोला म्हणून. तुह्यावर राग धरला तं दोस्तावर धरला, तो जाते कधीतरी. मायवर धरला तं पोट्टं घरीच येत नाही." तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. आता ते डोकंच नाही, म्हणून मी बोलतो आहे.

आणखी एक आहे. त्या दिवशी तिच्या पदराला छोटा माइक लावलेला होता. तू गेल्यावर कुणाला तो काढायचं भान राहिलं नाही. ती रूपालीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि बोलत राहिली. धम्मपालला ते दोन दिवसांनी सापडलं. ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे.

रूपाली म्हणते, "माय, रडू नको."

"रडत नाही व. डोकं पाह्यलं का त्याचं? जावळ काढलं तवा असंच दिसे. मांगून चपटं. वावरात काम राहे, मी धुऱ्यावर झोळीत उताणं टाकून देत जाओ त्याले. कोणं उचलून घ्याले नसे. म्हणून चपटं झालं." मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. मग म्हणते, "माह्यासाठी टक्कल केलं पोरानं. मी पाह्यलं. कोणत्या मायले पाह्याले भेटते?"

आणि शेवटी, "पोट्टं उपाशी गेलं."

धम्मपालने ही फाईल गोविंदसिंगच्या फोनवर पाठवली आहे. गेटवर जाऊन ऐक. ती तुझ्यावर हसत नव्हती, हे तरी तुला कळेल.

तेरवी परवा आहे.

हरीओम


२२ फेब्रुवारी

जगदेव,

काल तेरवी झाली. रात्रीपासून लाइट नव्हती, मंडपाच्या पंख्यांसाठी माझं शूटिंगचं जनरेटर लावलं. पंगतीत बसलेल्या एका पाहुणीने विचारलं, पिच्चर कधी लावता? दुसरी म्हणाली, "पिच्चरात भागिरथाबाई शेवटी वाचते ना?"

मी वाढत होतो. म्हणालो, "हाव. वाचते."

"मंग चांगला हाये," ती म्हणाली आणि वरण मागितलं.

लॅपटॉप उघडवत नाही. उघडला की ती असते. ओट्यावर बसून मला विचारते, "आता चालू का मी?" प्रत्येक शॉटच्या आधी विचारायची. ते तुकडे कापून टाकायचे असतात, ते टाकल्याशिवाय पिच्चर होत नाही.

बारा दिवसांत तुझं काही आलं नाही. रूपाली म्हणत होती, बाजाराच्या दिवशी माय तिच्या फोनवरून तुला मिस कॉल द्यायची, तू ब्लॉक केल्यावरही द्यायची. तिला ब्लॉक म्हणजे काय ते समजावून सांगितलं तर म्हणाली, "वाजत नसंन, पण पोचत तं असंन." मला वाटलं होतं, तो मिस कॉल येईनासा झाला म्हणजे तरी तुला कळेल. पण तुझ्याकडे तो नोव्हेंबरातच थांबला.

हरीओम


१ मार्च

जगदेव,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या तू येतो आहेस. हातात देईन, किंवा देणार नाही.

काल गोविंदसिंगचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाला, "हरीओमभाऊ, तुमी मायनं फोटो पाठोला ते लिवलं, ते पत्र त्यानं वाचलं. मंग काल गेटवर आला अन् हासला."

"हासला?"

"म्हणे, मागच्या टायमालेही मायनंच पाठोलतं. म्हंजे आताही तिनंच चालवलं. हरीओमले समोर बसवून पत्रं लिवून घेऊन राह्यली. तेच मी म्हणतो, त्याले कोठून सुचते एवढं."

मी विचारलं, फाईल ऐकली का.

"पाच-सहा वेळा ऐकली. डोये पुसले. मले म्हणे, पाहा दादा, बोलते ना? मेलेलं माणूस माह्या चपट्या डोक्याचं बोलते का कधी? मीनं म्हटलं, बाबू, आवाज जुना असंन, खरंच गेली असंन तं? तं म्हणे, तुमाले कोणता रोल देला?"

मग गोविंदसिंग म्हणाला, "भाऊ, त्याचा राग गेला. एवढं बोलावते तं जातो म्हणे. साहेबाकडून सुट्टी घेतली. वापीवरून लुगडं आणलं तिच्यासाठी, मले दाखवलं. जांभळं हाये, बारीक काठाचं. विचारत होता, म्हाताऱ्या माणसाले शोभते ना? मी काय बोलू? शोभते म्हटलं."

पत्रं फाडलीस का, हेही मी विचारलं. नाही. घडी करून पाकिटात ठेवली आहेस. मायचं बोलावणं म्हणून.

मी कालपासून तुला थांबवायचे उपाय शोधत होतो, आणि मग लक्षात आलं की थांबवून काय करायचं? हेच तर मागत होतो. तू ये, एवढंच मी तीन पत्रांत लिहिलं आणि तू येतो आहेस. तुझा राग जावा असं मायला वाटत होतं, तोही गेला. तिला जे जे हवं होतं ते सगळं झालं आहे. फक्त ती नाही.

गणेश म्हणतो, त्याला अकोल्यालाच गाठू आणि सांगू. काय सांगायचं ते त्यालाही माहीत नाही. धम्मपाल म्हणतो, त्याला सरळ घरी जाऊ दे. रिकामा ओटा कुणाला खोटा बनवता येत नाही. पण मला तो शॉट माहीत आहे. तू गल्लीतून येशील, ओट्याकडे पाहशील, ती आत असेल म्हणून हसत हाक मारशील. बायका दारात येऊन उभ्या राहतील. तो मला बघवणार नाही. म्हणून मी स्टँडवरच उभा राहणार आहे.

आज सकाळी सलूनमध्ये गेलो आणि म्हणालो, सगळे काढ. तो म्हणाला, "घरी कोण गेलं?"

"घरचं कोणी नाही."

"मंग मी काढत नाही हरीओमभाऊ. तुमचे माय-बाप दोघंही बसले हायेत घरी. माह्या हातानं नाही होत." त्याने वस्तरा खाली ठेवला. मी घरी आलो आणि दाढीचा ट्रिमर घेऊन आरशासमोर बसलो. अर्धं झालं तेव्हा माझी आई दारात आली. मी कधी तिला एवढं रागावलेलं पाहिलं नाही.

"मी जिती हाओ ना रे अजून?"

मी म्हणालो, "जगदेवनं केलं तवा त्याचीही जिती होती."

ती उभी राहिली. मग माझ्या हातातून ट्रिमर घेतला आणि मागच्या बाजूला, जिथे माझा हात पोचत नव्हता, तिथे फिरवला. नंतर मोरीत पाणी ठेवलं.

कॅमेरा पेटीत घालून पेटी आतल्या खोलीत ठेवली आहे. उद्या माझ्या हातात काही नसेल. तू एसटीतून उतरशील, तुझ्या हातात पिशवी असेल. पहिला शब्द काय बोलायचा ते मला अजून सुचलेलं नाही, बहुतेक सुचणारही नाही. या वेळी केस तुझ्या डोक्यावर असतील आणि माझ्या नसतील. तुला दाखवायला माझ्याकडे एवढंच उरलं आहे.

मेकअप वाटला, तर हात लावून पाहा.

हरीओम